लढाई नव्हती, ट्रेनिंग होतं

आमचे दाजी हवाई दलात होते असं सांगितलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढं लढाऊ विमान आणि काळा चष्मा लावलेला पायलट येतो. दाजी ज्युनिअर वॉरंट ऑफिसर होते, एएन-३२ या मालवाहू विमानावर फ्लाइट इंजिनिअर. रेशन, औषधं, बदलीवर निघालेले जवान, छत्रीनं उड्या मारणारे पॅराट्रूपर, पुरात अडकलेली माणसं, असं सगळं वाहणारं हे दोन इंजिनांचं विमान १९८४ पासून आपल्याकडं आहे. हवाई दलात त्याला ‘सतलज’ असंही नाव आहे. दाजी त्याला ‘आमचा ट्रक’ म्हणायचे. दोन्ही पायलटांच्या मध्ये बसून इंजिनांचे काटे आणि इंधन बघत राहायचं, हे त्यांचं काम.

ते विमान प्रशिक्षणाच्या उड्डाणावर असताना पडलं. कुठल्या तळावरचं, कुठल्या साली, हे लिहीत नाही. त्यांच्याबरोबर जी माणसं गेली त्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय ते लिहिणं बरं नव्हे. मला सांगायचंय ते पुढचं, म्हणजे असा माणूस गेल्यावर घरच्यांना काय काय करावं लागतं ते. मी कोल्हापुरात एका पतसंस्थेत नोकरी करतो. कागद, सह्या, वारस, जामीनदार ह्यातच माझा दिवस जातो. त्यामुळं हे काम माझ्याकडं कुणी सोपवलं नाही, ते आपोआपच आलं.

आक्का मुलांच्या शाळेसाठी कसबा बावड्यात राहत होती. दाजींचं गाव कागल तालुक्यात, आई-वडील तिथं. बातमी आधी टीव्हीवर आली आणि मग फोन आला. चॅनेलवाले खाली ‘प्रशिक्षण विमान कोसळले’ अशी पट्टी फिरवत होते आणि वर भलत्याच लढाऊ विमानाची जुनी चित्रं दाखवत होते. त्या गडबडीत आक्काला अर्धा तास आशा वाटली, की हे दाजींचं विमान नव्हेच. स्क्वाड्रनमधून फोन आला तेव्हा समोरचा अधिकारी एवढंच म्हणाला, “मॅडम, घरात मोठं कुणी आहे का?”

दुसऱ्या दिवशी बेळगावजवळच्या सांबऱ्याहून हवाई दलाची गाडी आली. दाजींचं पहिलं ट्रेनिंग सांबऱ्यालाच झालेलं. एअरमनची भरतीनंतरची शाळा तिथंच आहे. गाडीत एक डॉक्टर होते. विमानाला आग लागली होती, त्यामुळं ओळख डीएनएवरूनच पटणार होती. दाजींच्या वडिलांचं आणि थोरल्या मुलीचं रक्त घ्यायचं होतं. आबांना वाटलं, आपल्याला चक्कर येईल म्हणून डॉक्टर आलाय. ते म्हणाले, “मला काय झालं न्हाई, तिच्याकडं बघा.” मग त्यांना समजावून सांगायला लागलं. मी सांगितलं नाही, मला जमलं नसतं. त्या डॉक्टरांनी, केरळकडचे होते, मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं. आबांनी बाही वर केली आणि खिडकीकडं तोंड फिरवलं.

शवपेटी यायला बरेच दिवस लागले. तेवढ्यात गावानं आपली तयारी केली. फाट्यापासून घरापर्यंत रांगोळ्या, शाळेची मुलं दोन्ही बाजूंना, आणि चौकात वीस फुटी फ्लेक्स. त्यावर दाजींचा लग्नातल्या अल्बममधून कापलेला फोटो, मागं तिरंगा, आणि खाली एकाला एक लागून चार लढाऊ विमानं क्षेपणास्त्रं सोडताना. फ्लेक्स लावणाऱ्या पोरांचा हेतू चांगलाच होता. दाजींनी बघितला असता तर पोट धरून हसले असते, आणि मग पोरांना बाजूला घेऊन एएन-३२ चा फोटो मोबाईलवर दाखवला असता.

पेटी सांबऱ्यापर्यंत विमानानं आणि तिथून संकेश्वर, निपाणी, कागल अशी हायवेनं आली. पेटी उघडायची नाही असं आधीच सांगितलं होतं. दाजींच्या आईनं एकच धोशा लावला, तोंड दाखवा. बरोबर आलेले वॉरंट ऑफिसर सातारकडचे होते, चार वर्षं दाजींबरोबर उडलेले. ते खाली बसले, म्हातारीचा हात धरून पेटीच्या एका टोकावर ठेवला आणि म्हणाले, “आई, डोकं हिकडं हाय.” त्यांना तरी काय ठाऊक असणार? पण म्हातारीनं तिथंच हात फिरवला आणि नंतर पेटी उघडा म्हणाली नाही. मानवंदना, बिगुल, हवेत फैरी, घडी घालून आक्काच्या हातात दिलेला तिरंगा, हे सगळं तुम्ही बातम्यांत पाहिलेलं असतं, तसंच झालं.

खरा त्रास सुरू झाला तो भेटायला येणाऱ्यांच्या एका प्रश्नानं. “लढाईत का?” नाही म्हटलं की, “मग अतिरेकी?” तेही नाही म्हटलं की, “म्हणजे ट्रेनिंगच होतं व्हय?” त्या ‘च’नं आक्का आतून पेटायची. कुणी वाईट बुद्धीनं विचारत नव्हतं. पण जणू सराव करताना माणूस पडला तर तो थोडा कमी पडतो, असा काहीतरी हिशोब लोकांच्या डोक्यात असतो.

तेराव्याच्या आधी सातारकडचे सर पुन्हा भेटून गेले. आबांनीच त्यांना विचारलं, एवढी वर्षं नोकरी झालेल्या माणसाला ट्रेनिंग कशाला लागतं? सर म्हणाले, “आबा, लढाई लागली तर आमचं काम काय? रात्रीच्याला दिवे बंद करून, डोंगराच्या आडोशानं खाली खाली जायचं, माल न्हाईतर माणसं टाकायची आन् परत यायचं. ते त्या दिवशी पहिल्यांदा करून बघायचं काय?” मग त्यांनी सांगितलं की मुद्दाम एक इंजिन कमी करून उतरायचा सराव असतो, आखूड धावपट्टीवर उतरायचा असतो, जमिनीच्या अगदी जवळून जायचा असतो. सिम्युलेटर, म्हणजे जमिनीवरचं नकली विमान आहे, पण सगळं त्यावर येत नाही. उंचावर चूक झाली तर सावरायला वेळ मिळतो. खाली तो मिळत नाही, आणि ह्या माणसांना शिकायचं असतं ते खालचंच उडणं.

त्यानंतर मी रात्री जागून असल्या अपघातांबद्दल वाचत सुटलो. २८ मार्च २०१४ ला हवाई दलाचं सी-१३०जे सुपर हर्क्युलिस आग्र्याहून उडालं आणि ग्वाल्हेरच्या पश्चिमेला पडलं. पाचही जण गेले. २०११ मध्येच सेवेत आलेल्या ताफ्यातलं ते कोरं करकरीत विमान. जमिनीपासून सुमारे तीनशे फुटांवर जाण्याचा सराव चालू होता आणि पुढच्या विमानानं मागं सोडलेल्या हवेच्या भोवऱ्यात ते सापडलं. म्हणजे विमान जुनं म्हणून पडलं, ह्या आपल्या नेहमीच्या समजुतीत दरवेळी अर्थ असतोच असं नाही. सप्टेंबर २०२० मध्ये युक्रेनमध्ये खारकीव्हजवळ चुहुइव्हला एएन-२६ पडलं. आपलं एएन-३२ त्याच विमानावरून बनवलेलं. आत हवाई दलाच्या विद्यापीठातली शिकाऊ पोरं होती. २७ जणांतला एकच जगला. त्या एका पोराच्या घरी भेटायला येणाऱ्यांनी काय विचारलं असेल, हे मला तेव्हा उगीच सुचत राहिलं.

आता कागदांचं. वाचकांपैकी कुणाच्या घरी फौजी असेल तर हे नीट वाचावं.

सेनादलातल्या माणसाचा मृत्यू कुठल्या प्रकारात मोडतो यावर मागं राहिलेल्यांचं पेन्शन ठरतं. संरक्षण मंत्रालयाच्या ३१ जानेवारी २००१ च्या पत्रात त्याचे ‘ए’ ते ‘ई’ असे पाच गट केलेत. ‘ए’ म्हणजे सेवेशी संबंध नसलेलं मरण. ‘बी’ सेवेमुळं जडलेल्या आजाराचं. ‘सी’ म्हणजे कामावर असताना झालेला अपघात. हवाई प्रवास, समुद्र, वीज, प्रशिक्षण हे सगळं त्यात येतं. पुढचे दोन गट अतिरेक्यांचे हल्ले, सीमेवरच्या चकमकी, सुरुंग, युद्ध असे आहेत. ‘ए’ला साधं कुटुंब निवृत्तिवेतन, म्हणजे पहिली दहा वर्षं शेवटच्या पगाराच्या ५० टक्के आणि नंतर ३० टक्के. ‘बी’ आणि ‘सी’ला विशेष कुटुंब निवृत्तिवेतन, ६० टक्के. ‘डी’ आणि ‘ई’ला उदारीकृत, म्हणजे शेवटचा पगार जेवढ्याच्या तेवढा.

म्हणजे भेटायला येणारे जे विचारत होते तेच सरकारही विचारत होतं, फक्त टक्क्यांत. माझं स्वतःचं मत असं, की युद्धाला थोडं वरचं स्थान असावं, त्याला हरकत नाही. पण तीनशे फुटांवरून रात्री मालवाहू विमान नेण्याचा सराव आणि सरकारी जीपचा घाटातला अपघात एकाच ओळीत बसवणं मला आजही पटलेलं नाही. राज्य सरकारची मोठी रक्कमही युद्धात आणि मोहिमेत गेलेल्यांसाठी आहे. एका पुढाऱ्यानं दहाव्याच्या भाषणात ती जाहीर करून टाकली होती. दाजींच्या आबांनी ती मिळणार नाही हे ऐकलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “मग बोलला कशाला त्यो?”

‘सी’ गटही आपोआप मिळत नाही. विमान पडलं की कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे हवाई दलाची चौकशी बसते. देखभालीच्या नोंदवह्या ताबडतोब सील होतात, इंधनाचे नमुने घेतले जातात, ब्लॅक बॉक्स काढतात, आदल्या दिवशी विमानाला हात लावलेल्या प्रत्येकाचा जबाब होतो. अपघात कशानं झाला हे शोधणं एक, आणि गेलेला माणूस त्या वेळी ड्युटीवर होता, मृत्यू सेवेमुळंच झाला असं लिहून देणं दुसरं. आम्हाला ह्या दुसऱ्या ओळीशी मतलब होता. ती येईपर्यंत साधं पेन्शन चालू राहतं. केंद्राचं २५ लाखांचं सानुग्रह अनुदानही कामावरच्या अपघाताला मिळतं, तेही त्याच ओळीवर अडलेलं.

चौकशी चालू असताना आम्ही आमची बाजू तयार करायला घेतली आणि पहिल्याच फटक्यात अडकलो. मृत्यू जिथं होतो तिथं नोंद होते. विमान दुसऱ्या राज्यातल्या एका गावच्या शिवारात पडलेलं, त्यामुळं दाखला तिथल्या कार्यालयाचा, हिंदीत, आणि दाजींच्या आडनावात एक काना जास्त. पतसंस्थेत आम्ही असा कागद परत पाठवतो. दुरुस्तीसाठी मी स्क्वाड्रनच्या अडजुटंटच्या, म्हणजे कागदपत्रांचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याच्या, मागं लागलो; त्यांनी एक माणूस खास पाठवून दाखला बदलून आणला. हवाई दलाची माणसं ह्या बाबतीत मागं हटत नाहीत, हे मी कुणालाही सांगेन.

त्याहून मोठा घोळ आक्काच्या नावाचा. माहेरची ती सुनंदा. लग्नात आपल्याकडच्या रीतीप्रमाणं तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं, वैशाली. दाजींनी नोकरीत लग्नाची नोंद केली तेव्हा शाळेचा दाखला जोडला, म्हणून हवाई दलाच्या कागदात पत्नी सुनंदा. आधार, पॅन, बँक, मुलांचे जन्मदाखले, सगळीकडं वैशाली. वीस वर्षं दोघी सुखानं नांदल्या, कुणाचं काही अडलं नाही. आता सरकारच्या लेखी दाजींची पत्नी वेगळी आणि पेन्शन मागणारी बाई वेगळी. लग्नाचं नोंदणी प्रमाणपत्र, दोन्ही नावं एकाच बाईची असं तहसीलदारांपुढचं प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली जाहिरात, हे सगळं गोळा केलं. रांगेत उभं राहून आक्का एकदा म्हणाली, “त्यांनी कवा वैशाली म्हणून हाक मारली न्हाई. दोन्ही न्हाई. ‘अगं’च म्हणायचे.” पुढचा नंबर पुकारला, आम्ही खिडकीशी गेलो.

दाजींचं सामान पेट्यांत बंद होऊन आलं. सैन्यात त्यासाठी एक समितीच नेमतात, कमिटी ऑफ अ‍ॅडजस्टमेंट. गेलेल्याच्या खोलीतली आणि लॉकरमधली एकूण एक वस्तू मोजून यादी करायची, देणी-घेणी मिटवायची आणि यादीवर सह्या करून घरच्यांना द्यायची. यादी इंग्रजीत, टाइप केलेली. दाढीचं सामान. इस्त्री. गणपतीचा फोटो, फ्रेमसह. चप्पल, एक जोड. कोल्हापुरी असं त्यात लिहिलेलं नव्हतं, पण होती कोल्हापुरीच. मसाल्याची बरणी, अर्धी. आक्काचा कांदा-लसूण मसाला, दर सुट्टीनंतर न्यायचे. आणि मोबाईल, चालू स्थितीत. उड्डाणाला जाताना तो लॉकरमध्ये ठेवलेला.

त्या मोबाईलनं आमचं काम केलं आणि तोच सगळ्यांना नको झाला. पगाराचं खातं, आधार, विमा, गॅस, सगळ्याला दाजींचाच नंबर. कुठलाही बदल करायचा म्हटलं की ओटीपी त्यावर. आक्काच्या नावावर नंबर करून घेईपर्यंत मी तो फोन चार्जिंगला लावून कामावर घेऊन जायचो. पतसंस्थेत काउंटरवर बसलो असताना तो वाजायचा. स्क्रीनवर त्यांचा आणि मुलांचा रंकाळ्यावरचा फोटो, त्यावर सहा आकडे. मी आकडे सांगायचो आणि फोन पालथा ठेवायचो. मधूनच कर्जाच्या जाहिरातवाल्या पोरी फोन करायच्या, “सर, आपल्यासाठी खास ऑफर.” एकीला मी सांगितलं, सर गेले. ती ‘ओके सर’ म्हणाली आणि दुसऱ्या आठवड्यात पुन्हा फोन.

पेन्शनचं सगळं आता ‘स्पर्श’ या प्रणालीवर आहे. लॉगिन, पासवर्ड, बँकेचा तपशील, दरवर्षी हयातीचा दाखला, सगळं त्यावर. पन्नाशीच्या बाईला ते जमत नाही असं नाही, पण पहिल्यांदा कुणीतरी शेजारी बसावं लागतं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातले एक निवृत्त सुभेदार बसले. आक्काचं ओळखपत्र, ग्रामपंचायतीची घरपट्टी माफी, ही बारीक कामंही त्यांनीच अंगावर घेतली. तिथं बाकावर बसलेल्या बायकांत मला वाटलं त्यापेक्षा फार कमी जणी लढाईतल्या होत्या. कुणाचा नवरा उंचीवरच्या थंडीत हृदय बंद पडून गेलेला, कुणाचा ट्रक दरीत गेलेला, एकीचा कॅम्पात विजेचा धक्का लागून. बंदुकीची गोळी न लागता गेलेली ही एवढी माणसं.

घरातल्या घरात एक प्रश्न निघाला तो लिहू की नको असं झालं, पण लिहितो, कारण तो बहुतेक घरांत निघतो. दाजींची लग्नाआधीची एक विमा पॉलिसी होती, तिच्यावर वारस म्हणून आईचं नाव तसंच राहिलेलं. भावकीतले काही जण म्हातारीला शिकवायला लागले, काही आक्काला. विशेष पेन्शन बायकोला मिळतं. ती असताना आई-बापाला सहसा त्यातला वाटा येत नाही. मग ज्या आईनं मुलगा दिला तिच्या हातात काय? मी आक्काचा सख्खा भाऊ असून आक्काला सांगितलं, पॉलिसी आईची आहे, तिला घेऊ दे, मागू नकोस. आक्का दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पैसे आईंच्याच नावावर जमा झाले. त्यातून त्यांनी विहिरीवरची मोटर बदलली आणि उरलेल्याची ठेव केली. ती ठेव आमच्या पतसंस्थेत केली नाही, जिल्हा बँकेत केली. बरोबरच केलं.

कारखान्याचा हंगाम सुरू होऊन संपला, फडातला ऊस गेला, पाडव्याच्या आसपास पत्र आलं. चौकशीचा सगळा अहवाल घरच्यांना मिळत नाही. आम्हाला निष्कर्षाचा तेवढा भाग कळवला. मृत्यू कर्तव्यावर असताना, सेवेशी संबंधित. ‘सी’ गट. विशेष कुटुंब निवृत्तिवेतन मंजूर, फरकासह. सानुग्रह अनुदानाचाही मार्ग मोकळा. आबांनी मला ते मराठीत वाचायला लावलं. मी वाचलं. ते म्हणाले, “म्हंजे ड्युटीवरच हुता, आसं लिवलंय न्हवं?” हो म्हटलं. “झेरॉक्स काढ,” म्हणाले. किती काढू विचारलं तर म्हणाले, “काढ की धा-पंधरा.” त्यांनी त्या कुणाकुणाला दिल्या हे मी विचारलं नाही. एक मात्र चौकातल्या चहाच्या टपरीवर काचेखाली बघितली.

विमान नक्की कशानं पडलं हे आम्हाला अजून नीट कळलेलं नाही, आणि मी आता त्याच्या मागं नाही. २०१६ च्या जुलैत चेन्नईजवळच्या तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालेलं एएन-३२ समुद्रात गडप झालं, २९ जणांसह. त्याचे अवशेष सापडल्याचं जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालं, जवळजवळ साडेतीन किलोमीटर खोल पाण्यात. त्या घरांतल्या बायकांनी दाखला कसा मिळवला असेल, नावाचे घोळ कसे सोडवले असतील, हे कुणीतरी लिहायला पाहिजे.

सध्या थोरलीचं काम चालू आहे. बारावी झाली, इंजिनिअरिंगला कोल्हापुरातच प्रवेश मिळाला. माजी सैनिकांच्या आणि सैनिक विधवांच्या मुलांसाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे, मुलींना महिना तीन हजार. त्याला सैनिक कल्याण कार्यालयाचं प्रमाणपत्र लागतं. ह्या वेळी मी अर्ज भरायच्या आधीच सगळे कागद शेजारी शेजारी मांडले. नावाचं स्पेलिंग सगळीकडं सारखं निघालं. जन्मतारखेत एका दिवसाचा फरक आहे. मध्यरात्री जन्मलेली पोरगी, दवाखान्यानं एक तारीख लिहिली, दाजींनी तळावर कळवताना दुसरी. प्रतिज्ञापत्राचा मसुदा आक्कानं स्वतःच लिहून काढलाय. सोमवारी ती तहसीलला जाणार आहे, मला रजा काढू नको म्हणाली.